गोठ्यात गाय गाभडली आणि घरात कुणाला दिवस गेलेत: ब्रुसेलोसिसपासून गरोदर बाईला कसं जपायचं

मराठवाड्यात जनावरांचा डॉक्टर आणि बायकांचा डॉक्टर यांची कधी गाठ पडत नाही. गाय सातव्या-आठव्या महिन्यात गाभडली, म्हणजे तिचा गर्भ पडला, की पशुवैद्यक येतो, अडकलेली वार काढतो, इंजेक्शन देतो आणि जाताना "एकदा रक्त तपासून घ्या" असं म्हणून गाडीला किक मारतो. तीन आठवड्यांनी त्याच घरातली सून रोज संध्याकाळी तापायला लागते. तालुक्याला नेऊन विडाल ही टायफॉईडची रक्ततपासणी करतात, टायफॉईडच्या गोळ्या मिळतात. घरात कोण गरोदर आहे हे पहिल्यानं विचारलेलं नसतं. गोठ्यात काय घडलं हे दुसऱ्यानं विचारलेलं नसतं. दोन्ही गोष्टी माहीत असतात त्या फक्त घरच्यांना, आणि त्यांचा एकमेकींशी संबंध असू शकतो हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

म्हणून हा लेख डॉक्टरांसाठी नाही, घरच्यांसाठी आहे. गोठ्यातली बातमी दवाखान्यात कशी पोचवायची आणि त्याआधी व त्यानंतर काय करायचं, ते क्रमानं पाहू.

आजार नेमका काय आहे

ब्रुसेला नावाच्या जिवाणूमुळे हा आजार होतो. गाई-म्हशींत प्रामुख्यानं ब्रुसेला अबॉर्टस आढळतो, शेळ्या-मेंढ्यांत ब्रुसेला मेलिटेन्सिस. माणसाला जास्त त्रास देतो तो शेळ्या-मेंढ्यांतला. आपल्याकडे दारात गाय नसली तरी दोन-चार उस्मानाबादी शेळ्या असतातच, त्यामुळे "आमच्याकडं गाय-म्हैस नाही, आम्हाला काय भीती" हे म्हणणं टिकत नाही. पशुवैद्यक जनावरांतल्या या आजाराला सांसर्गिक गर्भपात म्हणतात.

१८८७ साली डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरानं माल्टा बेटावर तापानं मेलेल्या ब्रिटिश सैनिकांच्या प्लीहेतून हा जंतू वेगळा केला. पण ताप येतो कुठून, ते कळायला १९०५ उजाडलं. माल्टाचेच डॉक्टर थेमिस्टोक्लिस झमिट यांना तो तिथल्या शेळ्यांत सापडला. त्या शेळ्या दिसायला धडधाकट होत्या. पुढच्या वर्षी सैनिकांना शेळीचं दूध देणं बंद केलं आणि तापाचे रुग्ण झपाट्यानं कमी झाले. धडधाकट दिसणारं जनावर रोग देऊ शकतं, ही त्यातली ध्यानात ठेवायची गोष्ट.

माणसाला लागण होण्याच्या वाटा मुख्यतः तीन. पहिली, निरसं म्हणजे न तापवलेलं दूध आणि त्याचे पदार्थ. दुसरी, गाभडलेल्या किंवा व्यायलेल्या जनावराची वार, मेलेलं वासरू, पाणी आणि स्राव यांना हात लागणं. बोटावर खुरप्याची एवढीशी चीर असली तरी जंतूला तेवढी पुरते, डोळ्यात शिंतोडा उडाला तरी चालतं. तिसरी, अशा ठिकाणची हवेत उडालेली धूळ किंवा तुषार श्वासातून आत जाणं. माणसाकडून माणसाला लागण क्वचितच होते. त्या क्वचितात आईकडून पोटातल्या बाळाला होणारी लागण येते.

बाईच्या वाट्याला जास्त का

जनावर बाजारातून आणणं, विकणं, वळूकडे नेणं ही पुरुषांची कामं. शेण काढणं, गोठा झाडणं, धार काढणं, कोकरू-करडू पुसून घेणं, गवऱ्या थापणं ही बायकांची. शेळी रात्री व्यायला लागली तर कंदील-बॅटरी घेऊन उठते ती घरातलीच बाई, आणि पिल्लू अडलं तर उघड्या हातानं ओढून काढते तीही तीच. हाळीच्या बाजारातून किंवा माळेगावच्या जत्रेतून जनावर घेताना दात, चाल, कास सगळं बघितलं जातं. रक्त तपासलेलं आहे का, हे मात्र कुणी विचारत नाही. त्याचा हिशेब नंतर गोठ्यात हात घालणारीकडं निघतो.

रोजचं शेण काढलं म्हणून लगेच आजार होतो असं नाही, हेही सांगायला हवं. धोका सगळ्यात जास्त एकवटतो तो गाभडण्या-विण्याच्या आसपास. वारेत आणि गर्भजलात जंतूंची संख्या प्रचंड असते. गरोदर बाईला घरातलं एकच काम सोडायची मुभा मिळणार असेल, तर ती या कामातून मिळायला पाहिजे.

पोटातल्या बाळावर काय परिणाम होतो

गाई-शेळ्यांच्या वारेत एरिथ्रिटॉल नावाची एक शर्करा असते. हा जंतू तिच्यावर पोसतो, म्हणून त्यांच्यात गर्भपात एवढे होतात. माणसाच्या वारेत ती तशी नसते. त्यामुळे बाईच्या गर्भाला फारसा धोका नाही असं बराच काळ मानलं जाई. पण जिथं हा आजार जास्त आहे अशा देशांतल्या दवाखान्यांच्या नोंदी वेगळं सांगतात. उपचार न झालेल्या गरोदर बाईत गर्भपात होऊ शकतो, बाळ पोटातच जाऊ शकतं, दिवस भरण्याआधी बाळंतपण होऊ शकतं, बाळ कमी वजनाचं जन्मू शकतं. पहिल्या सहा महिन्यांत गर्भपाताची भीती अधिक. क्वचित बाळ आजार घेऊनच जन्माला येतं.

याची चांगली बाजू अशी की वेळेत ओळखून योग्य औषधं सुरू झाली तर बहुतेक बायकांचं बाळंतपण नीट होतं. उशीर झाला की धोका वाढतो. म्हणूनच "ताप आहे, उतरेल" म्हणत महिना काढणं परवडत नाही.

बाळाखेरीज बाईच्या स्वतःच्या शरीराचीही झीज होते. सांधे, विशेषतः कंबर आणि माकडहाडाच्या वरचा सांधा, महिनोनमहिने दुखतात. यकृत-प्लीहा सुजतात. अशक्तपणा इतका की उभं राहून भाकरी थापणं होत नाही. मन उदास होतं, झोप जाते, आणि घरात "नाटकं करते" असं ऐकावं लागतं. क्वचित हृदयाच्या झडपांना किंवा मेंदूच्या आवरणाला लागण होते. जीव जातो तो बहुधा हृदयापर्यंत पोचलेल्या लागणीनं.

पायरी १: जनावर गाभडलं, त्या दिवशी

घरात कुणी गरोदर असेल, दिवस राहिले असावेत अशी शंका असेल, तर तिनं गोठ्याकडं फिरकायचं नाही. धुवायला नाही, बघायलाही नाही. लहान मुलांनाही बाहेर काढा.

मेलेलं वासरू किंवा वार उघड्या हातानं उचलू नका. पशुवैद्यकाकडचे खांद्यापर्यंतचे हातमोजे मिळाले तर उत्तम, नाहीतर दोन जाड प्लास्टिकच्या पिशव्या मनगटावर बांधा. नाका-तोंडाला रुमाल, पायात गमबूट. हे काम करणाऱ्याच्या हाताला जखम नसावी.

पुरण्याआधी पशुवैद्यकाला फोन करा. महाराष्ट्रात जनावरांसाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे, किंवा गावच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. त्यांना गर्भाचा किंवा वारेचा नमुना घ्यायचा असू शकतो. नमुना त्यांनाच घेऊ द्या. पिशवीत बांधून एसटीनं स्वतः घेऊन जायचा उत्साह नको.

नंतर विहीर-बोअरपासून लांब, किमान चार फूट खोल खड्डा करा. त्यात गर्भ, वार, भिजलेला चारा आणि वरची ओली माती टाका, भरपूर चुना घाला आणि खड्डा बुजवा. वर दगड ठेवा, कारण कुत्री उकरतात. वार उकिरड्यावर फेकणं किंवा नदी-ओढ्यात सोडणं ही आपल्याकडची सगळ्यात वाईट सवय. कुत्रं एक तुकडा ओढून नेतं आणि अख्ख्या गल्लीत रोग फिरतो.

जागेवर आधी ब्लिचिंग पावडरचं पाणी किंवा फिनेल ओता, थोडा वेळ मुरू द्या, मग घासून धुवा आणि पुन्हा एकदा ओता. कोरडं झाडू नका, धूळ उडते. ऊन येत असेल तर जागा उघडी ठेवा. उन्हात हा जंतू लवकर मरतो, ओल्या सावलीत मात्र आठवडेच्या आठवडे तग धरतो. काम झाल्यावर कपडे गरम पाण्यात वेगळे धुवा, हात कोपरापर्यंत साबणानं धुवा.

गाभडलेल्या जनावराच्या अंगावरून पुढं काही आठवडे स्राव जातो. त्याला बाकीच्या गाभण जनावरांपासून वेगळं बांधा. गरोदर बाईनं निदान महिनाभर त्याची धार काढू नये, त्याच्या बुडाखालचं शेण-मूत ओढू नये. यावर सासूबाईंचा प्रश्न येणारच, "मग करायचं कुणी?" उत्तर सोपं आहे: घरातल्या पुरुषानं, मोजे घालून.

पायरी २: जनावराची तपासणी

प्रत्येक गाभडणं ब्रुसेलोसिसमुळेच होतं असं नाही. धक्का, विषबाधा, इतर जंतू अशी बरीच कारणं असतात. पण गाई-म्हशी शेवटच्या तीन-चार महिन्यांत गाभडणं, पाठोपाठ वार अडकणं, एकाच गोठ्यात किंवा कळपात लागोपाठ गाभडणं, गुडघ्यावर पाण्याच्या गाठी येणं, वळूचं वा बोकडाचं वृषण सुजणं यातलं काहीही दिसलं तर संशय घ्यायलाच हवा.

रक्ताची तपासणी सरकारी दवाखान्यामार्फत होते. मोठी सोय म्हणजे परभणी आणि उदगीरची पशुवैद्यक महाविद्यालयं, आणि पुण्यात औंधला पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग. एक खाचखळगा आहे: गाभडल्या-गाभडल्या घेतलेलं रक्त कधी कधी निर्दोष येतं. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासा.

दुसरा खाचखळगा त्याहून वाईट. लागण झालेली गाय बहुधा एकदा गाभडते आणि पुढच्या वेताला नीट वासरू देते. घरचे म्हणतात, गाय सुधारली. ती सुधारलेली नसते. दुधातून आणि विण्याच्या वेळी जंतू बाहेर पडतच राहतात, आणि त्या "चांगल्या" वेताला कुणीच मोजे घालत नाही. जनावर पूर्ण बरं करणारं खात्रीचं औषध नाही. मग उपाय काय, तर वेगळं बांधणं, दूध उकळणं आणि पुढच्या प्रत्येक विण्याला पायरी १ तशीच पाळणं. बाजारात नेऊन कुणाच्या तरी गळ्यात मारणं हाही "उपाय" सर्रास होतो, आणि तिथं घेणाऱ्याच्या घरीही गरोदर बाई असू शकते.

स्वयंपाकघर: दुधाचं काय करायचं

इथं गोष्ट सोपी आहे. दूध उकळलं की हा जंतू मरतो. ६३ अंश सेल्सियसला ३० मिनिटं किंवा ७२ अंशाला १५ सेकंद एवढं पाश्चरीकरणात पुरतं. घरी एक खरी उकळी आणून दूध हलवत दोन-तीन मिनिटं ठेवलं की झालं. कडेला फेस आला म्हणजे उकळी आली असं नव्हे. पिशवीचं पाश्चराइज्ड दूधही सुरक्षित.

अडचण होते ती श्रद्धेची. धारोष्ण दूध ताकदीचं म्हणून पहिलटकरणीला मुद्दाम देतात. डेंगीच्या साथीत पेशी वाढाव्यात म्हणून शेळीचं निरसं दूध पेल्यानं मागून आणतात. एरवी दूध उकळून पिणारे लोकही तेव्हा उकळत नाहीत, उकळलं की गुण जातो म्हणतात. गरोदर बाईला हे अजिबात देऊ नका. शेळीचं दूध द्यायचंच असेल तर उकळून द्या.

उकळलेल्या दुधाचं दही, त्याचं ताक, लोणी, तूप यांना काही हरकत नाही. कच्च्या दुधावरची साय किंवा कच्च्या दुधाचं विरजण मात्र टाळा. चिकाचं काय, हे बायका हमखास विचारतात. चिकातून जंतू येतात, पण पूर्ण वाफवून घट्ट झालेला खरवस चालतो. कच्चा चीक बोटानं चाटून बघायची सवय सोडा. भूम-कुंथलगिरीकडचा खवा आटवून आटवूनच होतो, त्यामुळे खव्याची काळजी नको. शेळी-मेंढीचं मटण, काळीज पूर्ण शिजवा, आणि कापताना पोटात पिल्लू निघालं तर ते गरोदर बाईनं हाताळू नये.

संशयित जनावराचं दूध तुम्ही रतिबानं घालत असाल, तर गिऱ्हाइकांना "उकळूनच प्या" हे स्पष्ट सांगा. धंदा बसेल ही भीती खरी आहे, तरी सांगा.

पायरी ३: ताप येतो का ते बघा

लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला बहुधा दोन ते चार आठवडे जातात. कधी पाच दिवसांत दिसतात, कधी दोन महिने किंवा त्याहूनही अधिक लागतात. त्यामुळे जनावर गाभडलं ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. तिथून पुढं निदान दोन-तीन महिने घरातल्या गरोदर बाईला ताप आला तर ती तारीख आठवा.

गरोदरपणात थकवा, कंबरदुखी, मळमळ असतेच, त्यामुळे आजार त्यात दडून राहतो. वेगळं काय ओळखायचं? सकाळी बरं वाटतं आणि दिवस कलला की ताप चढतो. रात्री घामानं पोलकं भिजून बदलावं लागतं. सांधे आळीपाळीनं दुखतात, कंबरेच्या एकाच बाजूला कळ बसते. भूक मेलेली, आणि पोट वाढायच्या दिवसांत वजन उतरतंय. ताप चार-आठ दिवस जातो आणि पुन्हा येतो.

घरात साधा थर्मामीटर ठेवा आणि सकाळ-संध्याकाळचा आकडा वहीत मांडा. ही वही डॉक्टरसमोर ठेवली की "कणकण वाटते" या वाक्यापेक्षा कितीतरी जास्त उपयोग होतो. तापासाठी पॅरासिटॅमॉल चालते. दुकानातून आणलेल्या इतर वेदनाशामक गोळ्या गरोदरपणात घेऊ नका. गावात बॅगवाल्याकडून सलाईन आणि दोन इंजेक्शनं घ्यायची पद्धत इथं फार महागात पडते: अर्धवट अँटिबायोटिकनं ताप तात्पुरता उतरतो, जंतू आत राहतो आणि पुढच्या तपासणीत सापडत नाही.

अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, बाळाची हालचाल कमी होणं, पोटात कळा, जोराची डोकेदुखी, मान आखडणं किंवा धाप लागणं यातलं काही झालं तर वाट बघू नका. १०८ बोलवा.

पायरी ४: दवाखान्यात काय बोलायचं

माझ्या मते या लेखातलं हेच सगळ्यात महत्त्वाचं. डॉक्टरच्या खोलीत दोन मिनिटं मिळतात, त्यात हे बोला:

"मला इतके महिने झालेत. अमुक दिवसांपासून संध्याकाळचा ताप आणि रात्री घाम आहे. अमुक तारखेला आमची शेळी गाभडली होती आणि तिची वार मी हातानं काढली होती. मी निरसं दूधही पिते. ब्रुसेलोसिसची तपासणी करायची का?"

शेवटचा प्रश्न विचारायला लाजू नका. गरोदरपणातल्या नेहमीच्या तपासण्यांत ही तपासणी नसते, कुणी मुद्दाम सांगितल्याशिवाय ती होत नाही. बाईला संकोच वाटत असेल तर आशाताईंना आधी सांगून ठेवा. त्या सोबत येतात, बोलतात. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची मोफत तपासणी होते. ताप नसलेल्या पण गोठ्यात संपर्क आलेल्या बाईनं ही गोष्ट त्या दिवशी सांगावी. ताप असेल तर मात्र ९ तारखेपर्यंत थांबू नये.

तपासण्या आणि त्यातले घोळ

पहिली सोपी तपासणी रोझ बेंगाल, काही मिनिटांत निकाल देते. ती दोषी आली तर पुढं ट्यूब अग्लुटिनेशन किंवा एलायझा या रक्ताच्याच चाचण्या. ट्यूब चाचणीत १:१६० किंवा त्याहून जास्त आकडा आणि सोबत लक्षणं असतील तर आजार धरतात. आकडा काठावर असेल तर दोन आठवड्यांनी पुन्हा बघतात. तो चौपट वाढला तर शंका उरत नाही. जंतू प्रत्यक्ष वाढवून बघायचं रक्ताचं कल्चर सगळ्यात पक्कं, पण ते अँटिबायोटिक सुरू होण्याआधी घ्यावं लागतं. लॅबला "ब्रुसेलाचा संशय आहे" हे सांगावंच लागतं, कारण हा जंतू सावकाश वाढतो, आणि लॅबमध्ये काम करणाऱ्यांनाही तो लागू शकतो.

विडालवर आमच्याकडं फार भरवसा. ताप कसलाही असो, विडाल करायचीच. थोडासा आकडा दिसला की टायफॉईडचा शिक्का बसतो. आठ-दहा दिवसांचा टायफॉईडचा कोर्स होऊनही ताप परत आला, तर निदानच पुन्हा तपासायला सांगा. कधी पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट थोड्या कमी दिसतात, मग डेंगी म्हणतात. कधी वजन उतरलंय, संध्याकाळी ताप आहे, म्हणून क्षय म्हणतात. तिन्ही आजार आपल्या भागात आहेतच, त्यामुळे डॉक्टरची चूक म्हणता येत नाही. गोठ्याची माहिती त्यांच्यापर्यंत पोचली तर मात्र यादीत चौथं नाव येतं.

तालुक्याला सोय नसेल तर संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, नांदेडचं शंकरराव चव्हाण किंवा लातूरचं विलासराव देशमुख यांच्या नावाचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय गाठा.

पायरी ५: औषधं

एरवी या आजारात डॉक्सिसायक्लिन आणि त्यासोबत स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन किंवा रिफाम्पिसिन देतात. गरोदरपणात डॉक्सिसायक्लिन टाळतात, कारण ते बाळाच्या दात-हाडांवर बसतं. स्ट्रेप्टोमायसिन बाळाच्या कानांना इजा करू शकतं. म्हणून गरोदर बाईत रिफाम्पिसिनचा आधार घेतात, गरजेप्रमाणे सोबत कोट्रायमोक्साझोल. हे दुसरं औषधही पहिल्या तीन महिन्यांत आणि बाळंतपण जवळ आल्यावर टाळतात. म्हणजे कुठल्या महिन्यात काय द्यायचं हा निर्णय नाजूक आहे. शेजारच्या बाईची चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून गोळ्या आणू नका. घरात नवऱ्यालाही हाच आजार निघाला तर त्याच्या गोळ्या वेगळ्या असतील.

रिफाम्पिसिन हे क्षयाचंही मुख्य औषध. क्षय असताना ते एकटं दिलं तर क्षयाचा जंतू त्याला दाद देईनासा होतो, म्हणून डॉक्टर आधी क्षय नाही याची खात्री करतात. यात चार दिवस गेले तर चिडू नका. गोळ्या सुरू झाल्या की लघवी, घाम, अश्रू नारिंगी होतात. बायका घाबरून गोळ्या सोडतात; घाबरण्यासारखं त्यात काही नाही. डोळे पिवळे होणं, सतत उलट्या हे मात्र लगेच कळवा.

कोर्स साधारण सहा आठवड्यांचा. ताप पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत उतरतो आणि तिथंच बहुतेक जणी थांबतात. हा जंतू पेशींच्या आत लपून बसतो, म्हणून एवढी लांबण. पूर्ण कोर्स करूनही साधारण ५ ते १५ टक्के रुग्णांत आजार उलटतो, बहुधा पहिल्या सहा महिन्यांत. अर्धवट सोडला तर विचारूच नका.

बीड, धाराशिव, परभणीकडच्या ऊसतोडीच्या कुटुंबांना इथं वेगळी अडचण येते. दिवाळीच्या आसपास गाडी भरून निघायचं, कोपीत म्हणजे पाचटाच्या झोपडीत बैलांशेजारी राहायचं, सोबत एखादी शेळी. कोर्स मध्यावर असताना कारखान्याला जायची वेळ आली तर आधी डॉक्टरला सांगा, उरलेल्या सगळ्या गोळ्या आणि औषधांची चिठ्ठी सोबत घ्या, आणि चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. तिकडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात तोच कागद दाखवायचा.

बाळंतपण आणि बाळ

आजार असलेल्या किंवा उपचार चालू असलेल्या बाईचं बाळंतपण घरी नको. दवाखान्यात पोचल्या-पोचल्या आजाराचं नाव सांगा; वार आणि रक्त हाताळणाऱ्या सिस्टरांना जपून काम करता येतं. शेवटच्या आठवड्यांत रिफाम्पिसिन चालू असेल तर डॉक्टर बाळाला व्हिटॅमिन के देण्याकडं खास लक्ष देतात. बालरोगतज्ज्ञाला कळवायला सांगा. बाळ नीट पीत नसेल, तापत असेल, पिवळं दिसत असेल तर तपासणी लागते.

आईच्या दुधातून लागण झाल्याच्या नोंदी आहेत, पण मोजक्या. अंगावर पाजणं घरच्या घरी ठरवून बंद करू नका. आजार ताजा असेल, उपचार सुरूच झाले नसतील तर डॉक्टर काही काळ थांबवायला सांगू शकतात. तो निर्णय त्यांचा.

आधीच गर्भपात झाला असेल तर

एका गर्भपाताचं खापर लगेच ब्रुसेलोसिसवर फोडू नका. सुरुवातीच्या महिन्यांतले बहुतेक गर्भपात गर्भातल्याच गुणसूत्रांच्या दोषामुळे होतात. पण गर्भपाताआधी-नंतर ताप होता, गोठ्यात जनावरं गाभडली होती, किंवा चौथ्या-पाचव्या महिन्यात दोनदा गेलं, असं असेल तर तपासणी मागा. वारंवार गर्भपात झाला की बहुतेक ठिकाणी टॉर्च नावाची, गर्भाला बाधणाऱ्या काही ठरावीक लागणींची, तपासणी लिहून देतात. तिच्या नेहमीच्या यादीत ब्रुसेला नाही. टॉर्च निर्दोष आली म्हणजे हाही आजार नाही, असं होत नाही.

करणी, बाहेरची बाधा, सुनेचा पायगुण ही चर्चा अशा घरात सुरू होतेच. त्याच वर्षी त्याच गोठ्यात किती जनावरं गाभडली ते मोजा आणि चर्चा तिकडं वळवा.

पुढचं मूल कधी? आधी पूर्ण उपचार, मग आजार उलटत नाही ना हे बघायला काही महिने, असा बेत डॉक्टरांशी बोलून ठरवा. एक गोष्ट फार थोड्या जणींना सांगितली जाते: रिफाम्पिसिन चालू असताना माला-एनसारख्या गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो, आणि औषध थांबल्यावरही महिनाभर तसंच राहतं. त्या काळात निरोध किंवा तांबीचा पर्याय विचारा. रक्तातला आकडा बरं झाल्यावरही बरेच महिने थोडा दिसत राहतो. त्यामुळे नुसत्या आकड्यावरून "अजून गेला नाही" असं ठरवून परत गोळ्या सुरू करू नका. लक्षणं काय म्हणतात ते बघायचं.

एकीला आजार निघाला की घरातल्या सगळ्यांची चौकशी करा; दूध सगळेच प्यालेले असतात. पुरुषात वृषण सुजून दुखणं हे याचं एक लक्षण असतं आणि तो लाजेपोटी बोलत नाही.

लस: जनावराला, माणसाला नाही

माणसासाठी आपल्याकडं लस नाही. जनावरांसाठी आहे. सप्टेंबर २०१९ पासून राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात लाळ्या-खुरकुतसोबत ब्रुसेलोसिसचाही समावेश आहे. ४ ते ८ महिन्यांच्या कालवडी आणि म्हशींच्या पारड्यांना आयुष्यात एकदाच ही लस देतात. नरांना देत नाहीत, गाभण जनावराला देत नाहीत. देवणी असो की लाल कंधारी, की संकरित, कालवड चार महिन्यांची झाली की दवाखान्यात नाव सांगून ठेवा, आणि कानातल्या बिल्ल्याचा १२ अंकी क्रमांक व लसीची तारीख वहीत लिहा. कार्यक्रमातली ही लस शेळ्यांना मिळत नाही, म्हणून शेळ्यांच्या बाबतीत तपासणी, मोजे आणि उकळलेलं दूध यावरच भिस्त. नवीन शेळी किंवा गाय आणली तर महिनाभर वेगळी बांधा आणि रक्त तपासूनच कळपात घाला. गाई-म्हशी भरवायला गावातल्या वळूपेक्षा कृत्रिम रेतन बरं. रेतन केंद्रांतले वळू या आजारासाठी नियमित तपासलेले असतात.

लसीत जिवंत, क्षीण केलेला जंतू असतो. सुई चुकून माणसाला टोचली किंवा थेंब डोळ्यात उडाला तर माणसाला आजार होऊ शकतो. म्हणून लस देताना कालवड धरायला गरोदर बाईला उभं करू नका. रिकामी बाटली आणि सुई गोठ्यात पडू देऊ नका, ती लस देणाऱ्याच्याच डब्यात परत गेली पाहिजे. आणि कुणाला टोचलीच तर जागा लगेच साबण-पाण्यानं धुवा, बाटलीवरच्या लसीचं नाव लिहून घ्या आणि तो कागद घेऊन त्याच दिवशी माणसांच्या डॉक्टरकडं जा.